ताईला तुझी बाजू समजावायची गरजच नाहीये

तुझं पत्र लांबलचक आहे म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. घरात तू आणि बाबा दोघंच, ताई लग्न होऊन दुसऱ्या शहरात. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ताई रजा टाकून आली, पहिला आठवडा राहिली आणि जाताना तुझ्यावर दोनच कामं सोपवून गेली, वेळच्या वेळी डोळ्यात थेंब घालायचे आणि पुढच्या तपासणीला बाबांना डॉक्टरांकडे न्यायचं. तपासणीची तारीख हुकली. ताईने विचारलं तेव्हा तू म्हणालास क्लिनिकचा फोनच लागत नाहीये, आणि पत्रात तूच लिहिलंयस की फोन केलाच नव्हता. मग थेंबांची बाटली संपली, तीन दिवस डोळ्यात काहीच गेलं नाही, हे ताईला बाबांशी बोलता बोलता कळलं, आणि त्यावर तुझं उत्तर, "मला काय माहीत, बाबांनी सांगितलंच नाही संपली म्हणून." आता ताई तुझ्याशी बोलत नाहीये. "राहू दे, मीच बघते" एवढाच मेसेज आलाय. आणि तुझा प्रश्न आहे की ताईला माझी बाजू कशी समजावू.

बाकी सगळं नंतर, आधी डॉक्टरांना फोन कर. हे वाचून झाल्यावर नाही, आत्ता. ऑपरेशननंतरचे थेंब इन्फेक्शन होऊ नये आणि आतली सूज उतरावी म्हणून असतात, साधारण काही आठवडे चालतात आणि बरेचदा टप्प्याटप्प्याने कमी करत आणायचे असतात, त्यामुळे मध्येच तुटलेला कोर्स आपल्या मनाने चालू करणं, राहिलेले डोस भरून काढायला दुप्पट घालणं किंवा आता डोळा बरा दिसतोय म्हणून सोडून देणं, यातलं काहीही करू नकोस. डॉक्टरांना खरे दिवस सांग. "एखादा डोस राहिला असेल" असं गुळमुळीत नको, "तीन दिवस पूर्ण बंद होते आणि तपासणी पण राहिली" असं स्पष्ट. डोळा दुखत असेल, लाल झाला असेल, आधीपेक्षा अंधुक दिसत असेल किंवा डोळ्यासमोर चमका येत असतील तर अपॉइंटमेंटची वाट न बघता आजच्या आज दाखव.

झाला फोन? मग आता बाजूबद्दल बोलू.

तुझ्या पत्रातली काही वाक्यं मी तशीच्या तशी खाली उतरवते, रागावू नकोस, तू वाईट आहेस हे दाखवायला नाही, ती एका जागी ठेवली की काय दिसतं ते तुला दिसावं म्हणून. "त्या आठवड्यात ऑफिसमध्ये एवढं प्रेशर होतं की मला श्वास घ्यायला वेळ नव्हता." "तीन दिवस थेंब नाही घातले तर एवढं काही आभाळ कोसळत नाही." "बाबांनी तोंड उघडून सांगायला नको का?" "ताई स्वतः लांब बसून उंटावरून शेळ्या हाकते, तिला काय जातंय." "आणि मी हे ऑफिस ऑफिस करतो ते पण घरासाठीच ना."

1957 साली ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मात्झा या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी एक लेख लिहिला होता, गुन्ह्यांकडे वळलेल्या तरुण मुलांवर. त्यांचं म्हणणं होतं की चूक काय आणि बरोबर काय हे या मुलांना कळत नाही असं नाही, कळतं, पण ते बाजूला ठेवायला त्यांच्याकडे पाच ठरलेले रस्ते असतात. माझ्या हातात नव्हतं. कुणाचं फार नुकसान झालेलं नाही. ज्याचं झालं त्याचीच चूक आहे. मला बोलणारे तरी कुठे धुतल्या तांदळासारखे आहेत. आणि मी हे त्याहून मोठ्या गोष्टीसाठी केलं. आता परत वर जाऊन तुझी वाक्यं वाच. पाचच्या पाच आहेत, एकही सुटलेलं नाही. तू काही गुन्हेगार नाहीस, ही यादी आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात असते, सांगायचं एवढंच की तू ज्याला 'माझी बाजू' म्हणतोयस ती तुझी खास तुझी नाहीये, हात झटकायचे असले की माणसाच्या तोंडून आपोआप जे निघतं ते आहे. म्हणून ताईला ती ऐकवून काही होणार नाही. तिने ती ऐकलीये, तुझ्याकडूनच, वेगवेगळ्या कामांच्या निमित्ताने.

या पाचांतलं एक वाक्य मात्र मला फार लागलं. बाबांनी सांगितलंच नाही. अरे, का नाही सांगितलं याचा विचार केलास का? डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस, स्वतःची बाटली रिकामी झालीये हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं असणार, शेवटचा थेंब पिळून काढताना कळतंच ते. तरी तो गप्प बसला. तू पत्रात मध्येच एका ठिकाणी लिहिलंयस की त्याआधी त्यांनी दोनदा तपासणीचं विचारलं होतं आणि तू लॅपटॉपमधून मान वर न करता "हो हो, बघतो" म्हणाला होतास. मला वाटतं उत्तर तिथेच आहे. माणूस दोनदा विचारतो, दोनदा "बघतो" ऐकतो, तिसऱ्यांदा त्याला विचारायचाच संकोच वाटतो, आपण आपल्याच घरात कुणाला तरी त्रास देतोय असं वाटायला लागतं. मग तो म्हणतो जाऊ दे, होईल बरं. म्हणजे बाबा गप्प बसले ते तुझ्या उत्तरांमुळे, आणि आता त्या गप्प बसण्याचंच तू कारण पुढे करतोयस, खापर त्यांच्याच डोक्यावर. ही गोष्ट तुला ताईच्या आधी बाबांशी बोलायला लागेल, आणि बोलताना समजावून सांगू नकोस, विचार फक्त. "मला सांगावंसं का नाही वाटलं तुम्हाला?" एवढंच, आणि मग ते जे म्हणतील ते पूर्ण ऐक, मध्ये स्वतःचा बचाव न करता. ते बहुतेक "तसं काही नाही रे" म्हणतील. तेवढ्यावर सुटलो म्हणून उठून जाऊ नकोस.

तू लिहितोस "मी थापाड्या नाहीये, पण तोंडातून पटकन निघून जातं." खरं असेल हे. थातुरमातुर कारणं पटकन निघतात कारण छोट्या गोष्टींत ती खपतात, रोज खपतात. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर आणि तिच्या सहकाऱ्यांनी 1978 मध्ये छापलेला एक प्रयोग आहे, झेरॉक्स मशीनशी उभ्या असलेल्या माणसाला जाऊन विचारायचं, माझी पाच पानं आहेत, मी आधी काढू का. नुसतं विचारलं तर 60 टक्के लोक हो म्हणाले. "घाईत आहे" सांगितलं तर 94 टक्के. आणि "मला झेरॉक्स काढायचीये म्हणून" असं सांगितलं, ज्यात कारण असं काहीच नाही, मशीनपाशी येणारा प्रत्येकजण त्याचसाठी येतो, तरी 93 टक्के लोकांनी पुढे जाऊ दिलं! पण हाच प्रयोग वीस पानांचा केला तेव्हा ते पोकळ कारण कारण न देण्याइतकंच निरुपयोगी ठरलं, दोन्हीकडे 24 टक्के, खऱ्या कारणाला 42. मला यात तुझी सगळी गोष्ट दिसते. मित्राकडे उशिरा पोचलास, ट्रॅफिक होतं, चालून गेलं. मेसेजला उत्तर नाही दिलं, रेंज नव्हती, चालून गेलं. समोरचा पटलं म्हणून सोडत नाही रे, एवढ्याशा गोष्टीवर कोण वाद घालत बसणार म्हणून सोडतो, आणि आपल्याला वाटतं आपलं वेळ मारून नेणं जमतंय. मग एक दिवस बाबांच्या डोळ्यासारखं काम येतं, सवयीने तेच नाणं पुढे केलं जातं, आणि समोर ताई उभी असते जी ते घेत नाही.

अजून एक गोष्ट तुझ्या पत्रात आहे जी बहुतेक तू सहज लिहून गेलास. "लहानपणापासून सगळे म्हणतात, याने मनावर घेतलं तर हा काहीही करू शकतो." हे कौतुक म्हणून ऐकलंयस तू, पण मला वाटतं यानेच तुझं नुकसान केलंय. 1978 सालचाच अजून एक प्रयोग आहे, स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स या मानसशास्त्रज्ञांचा. विद्यार्थ्यांना प्रश्न सोडवायला दिले, काहींना मुद्दाम असे की ज्यांना उत्तरच नव्हतं, आणि तरी सगळ्यांना सांगितलं की छान केलंत. नंतर पुढच्या परीक्षेआधी दोन औषधांतलं एक निवडायला सांगितलं, एक म्हणे डोकं जास्त चालवतं, दुसरं म्हणे कामगिरी बिघडवतं. ज्यांना आपलं आधीचं यश कशामुळे आलं हेच कळलेलं नव्हतं त्यांच्यात, विशेषतः मुलांमध्ये, बिघडवणाऱ्या औषधाकडे ओढा जास्त दिसला. कारण उघड आहे, नंतर नापास झालो तर दोष औषधाचा, हुशारी शाबूत. "मनावर घेतलं तर" हे तुझं तसलं औषध आहे. तू मनावर घेऊन, पूर्ण लक्ष देऊन बाबांचं केलंस आणि तरी काही चुकलं तर मग म्हणायला काही उरत नाही, त्यापेक्षा अर्धवट लक्ष दिलेलं बरं, चुकलं तरी म्हणता येतं की अरे मी कुठे लक्ष दिलं होतं, वेळच नव्हता. माझं वाचणं चुकत असेल तर सोडून दे. पण ऑफिसमधल्या ज्या कामांबद्दल तू अभिमानाने लिहिलंयस ती सगळी तुला आधीपासून येत असलेली आहेत, आणि जी टाळलीस ती सगळी नवीन, जिथे चुकायची भीती आहे. डोळ्यात थेंब घालायला तुला भीती वाटते हे तर तू कंसात लिहिलंयस. कंसात का? ताईला हेच सांगितलं असतंस तर तिने व्हिडिओ कॉलवर दाखवलं असतं, मान मागे, खालची पापणी हलकेच खाली ओढायची, बाटलीचं टोक डोळ्याला लावू न देता एक थेंब, आणि मग डोळा थोडा वेळ मिटून ठेवायचा. एवढंच आहे ते.

आता तू म्हणशील मग खरी अडचण असली तरी माणसाने सांगायचीच नाही का. सांगायची, जरूर सांगायची. ऑफिसचं प्रेशर खरं असेल यावर माझा विश्वास आहे. पण खरं कारण आणि सबब यात फरक मी एकाच गोष्टीवरून ओळखते, ते कधी आलं आणि सोबत काय घेऊन आलं. खरं कारण वेळ जायच्या आधी येतं आणि सोबत सोय घेऊन येतं, "ताई, गुरुवारी मला निघता येणार नाहीये, मी क्लिनिकला फोन करून शनिवारची वेळ घेतलीये, चालेल का विचारलंय." सबब नंतर येते, विचारल्यावर येते, आणि एकटीच येते. ऑफिस तेच, प्रेशर तेच, फक्त पहिल्यात काम तुझ्याकडेच राहतं आणि दुसऱ्यात ते गुपचूप ताईच्या अंगावर जाऊन पडतं. माझा आक्षेप असेल तर तो यालाच आहे, तू चुकलास याला नाही. तू सबब सांगितलीस म्हणून थेंब घालायचं काम काही नाहीसं झालं नाही, ते आता कुणीतरी अंगावर घेतलंच. कुणी घेतलं बघ, ज्या बाईचं घर दुसऱ्या शहरात आहे, जिला नोकरी आहे, जी एकदा रजा टाकून येऊन गेलीये.

आणि हो, "हे मला जमणार नाही" असं सुरुवातीलाच तोंडावर सांगणं हे सुद्धा जबाबदारीनेच वागणं आहे. ताईने तेव्हा नर्स ठेवली असती, शेजारच्यांना विनंती केली असती, अजून चार दिवस राहिली असती. तू हो म्हणालास म्हणून तिने यातलं काही केलं नाही. नाही म्हणायचा वाईटपणा नको म्हणून हो म्हणणारे लोक समोरच्याला सगळ्यात जास्त अडचणीत टाकतात.

तर ताईला काय सांगायचं. व्यवस्थापनाचे प्राध्यापक रॉय लेविकी आणि दोन सहकाऱ्यांचा 2016 चा एक अभ्यास आहे, माफीत काय काय असतं आणि त्यातलं काय लोकांना पोचतं यावर. सगळ्यात जास्त वजन होतं चूक आपली आहे हे कबूल करण्याला, त्याखालोखाल आता मी हे असं निस्तरतो असं सांगण्याला, आणि सगळ्यात कमी वजन होतं "मला माफ कर" अशा विनवणीला. म्हणजे तू जो मसुदा मला पाठवलायस, ज्यात सहा वेळा सॉरी आणि शेवटी "प्लीज बोल ना माझ्याशी" आहे, तो राहू दे. त्यात 'पण' हा शब्द चार ठिकाणी आहे आणि प्रत्येक 'पण'च्या पुढे ऑफिस आहे. त्याऐवजी असं काहीतरी, तुझ्या भाषेत:

"ताई, क्लिनिकचा फोन लागत नाही म्हणालो ते खोटं होतं, मी फोन केलाच नव्हता. थेंब संपले ते बघणं माझं काम होतं, बाबांचं नाही. आज डॉक्टरांशी बोललो, तीन दिवस बंद होते हे सांगितलं, त्यांनी अमुक सांगितलंय आणि तमुक दिवशी बोलावलंय, मी घेऊन जातोय. तिथून निघालो की कळवतो."

संपलं. खोटं बोललास ते आधी, कारण तिचा राग जास्त करून त्याचाच आहे, असा माझा अंदाज आहे. विसरणं माणूस समजून घेतो, विसरल्यावर आपल्याला मूर्खात काढलं हे समजून घेणं जड जातं. तिचं उत्तर लगेच येणार नाही कदाचित, किंवा नुसता अंगठा येईल. त्यावर "आता सॉरी म्हणालो ना अजून काय करू" असं चिडून जाऊ नकोस, दोन वर्षांचा (तूच लिहिलंयस) साठलेला अनुभव एका मेसेजने पुसला जात नसतो. आणि "मीच बघते" याला "बरं" म्हणू नकोस. ती सोय नाहीये तुझी, ती हरलीये तिथे.

पुढचं साधं आहे पण करायला लागेल. "आता नक्की लक्ष देईन" हे मनात ठरवून काही होत नाही, ये रे माझ्या मागल्या होतं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाचं आयुष्यभराचं काम यावर आहे, की नुसत्या इराद्यापेक्षा 'अमुक झालं की मी तमुक करणार' असं आधीच जोडून ठेवलेलं जास्त पार पडतं, 2006 मध्ये 94 चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हाही ते चांगलंच टिकलं. तुझ्यासाठी म्हणजे असं, सकाळी ब्रश झाला की बाबांच्या खोलीत जायचं आणि थेंब घालायचे, मगच फोन हातात घ्यायचा. दुपारचे थेंब तू ऑफिसात असताना असतात, तेव्हा बाबांना स्वतः घालता येतात का ते बघ, येत नसतील तर आजच कुणाला तरी सांगून ठेव, उद्या नाही. बाटली उजेडात धरून पाव राहिली दिसली की त्याच दिवशी दुसरी आणायची, संपायची वाट बघायची नाही. कोणते थेंब किती वाजता हा तक्ता कागदावर लिहून बाबांच्या उशाशी लाव, आणि प्रत्येक वेळी टिक कर. मोबाईलचा अलार्म आपण झोपेत बंद करतो, कागदावरची रिकामी चौकट मात्र बाबांना पण दिसते, त्यांना तोंड उघडून सांगायला लागत नाही.

आणि एक, जरा वेगळं. फक्त घरचीच नाही तर स्वतःची, अगदी आवडीची कामं पण अशीच राहून जात असतील, झोप बिघडली असेल, कशातच मन लागत नसेल, तर तो आळस किंवा बेजबाबदारपणा नसूही शकतो, डॉक्टरांशी किंवा समुपदेशकाशी बोल. तुझ्या पत्रावरून मला तसं वाटलं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणालातरी लागू असेल.

हे वाचणाऱ्यांत ताई पण बऱ्याच असणार, त्यांच्यासाठी. "राहू दे, मीच बघते" म्हणून तुम्ही काम वाचवता आणि भाऊ सुटतो, आणि पुढच्या वेळी त्याला सबब शोधायला सुद्धा लागत नाही. राग अगदी बरोबर आहे तुमचा. पण काम परत घेण्याआधी एकदा सरळ विचारा, का झालं नाही हे नको, "आता तू काय करणारेस आणि कधी" एवढंच. का विचारलं की गोष्टी ऐकायला मिळतात.

तर मित्रा, आधी फोन, मग बाबा, मग ताई, याच क्रमाने. डॉक्टर जी पुढची तारीख देतील ती घरच्या कॅलेंडरवर लिही, ऑफिसात त्या दिवसाची रजा आजच टाक, आणि काही कारणाने जमणार नाही असं वाटलं तर ताईला निदान तीन दिवस आधी कळव, दुसरी सोय काय केलीस त्यासकट.